कमरेजवळची उसवण

आमच्या ताईला रस्त्याने जाणाऱ्या माणसाचं तोंड दिसत नाही, बटणं दिसतात. मी चेष्टा करत नाही, रोज बघते. दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात माझी इस्त्री आणि मागच्या अर्ध्यात तिचं मशीन, असा आमचा एकवीस वर्षांचा संसार आहे. पण तिने मशीन असं तिरकं लावून घेतलंय की माझ्या टेबलावरून तिची नजर थेट रस्त्यावर जावी. पोस्टमन आला की पत्र घ्यायच्या आधी ती त्याची बाही धरते. तो बिचारा पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभा राहतो आणि ही त्याच्या अंगावरच तुरपाई करते. एकदा एक परका माणूस नुसता पत्ता विचारायला आला होता. तो गेला तेव्हा त्याच्या पँटची उसवलेली घडी शिवून झाली होती, पत्ता मात्र विचारायचा राहिला होता. पाच मिनिटांनी ओशाळून परत आला.

लोक तिला टाकेबाई म्हणतात. मी ताई म्हणते. माझ्याहून ती चार वर्षांनी मोठी आहे आणि हे ती मला दिवसातून चारदा ऐकवते, विशेषतः माझी इस्त्री जरा जास्त तापली की.

भावजींशी तिचं जमलं तेही खिशापायी. हे गृहस्थ छापखान्यात कामाला. दर शनिवारी कोटाचा खिसा फाटला म्हणून हजर. चौथ्या शनिवारी ताईने कोट उलटा केला, बोटांनी कड चाचपली आणि शांतपणे म्हणाली की हे फाटलेलं नाही, ब्लेडने कापलेलं आहे. भावजींचे कान लाल झाले. पुढच्या महिन्यात लग्न. फाटलेलं कोणतं आणि फाडलेलं कोणतं, हे तिला बोटांनी कळतं, डोळे मिटूनसुद्धा. भावजी अजूनही अधूनमधून एखादा खिसा कापून आणतात, आणि ती अजूनही ओळखते, आणि दोघं एकमेकांकडे बघून असे काही हसतात की मी आपली उगाच पुढे जाऊन शटरची कडी पुसत बसते.

आता जे सांगायचं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि ते सांगताना मला अजून जड जातं. आई गेली तेव्हा ताई आठ वर्षांची होती आणि मी चार. बाबा मालट्रक चालवायचे, चार-चार दिवस घरी नसायचे. मी लहान म्हणून शेजारणीने मला ठेवून घेतलं. ताई हाताशी आलेली, म्हणून तिला बाबांच्या एका लांबच्या भावाच्या शेतावर पाठवलं. तीन वर्षं होती ती तिथे. बाबांना गोदामात कायमची नोकरी लागली तेव्हा ते तिला घेऊन आले. ती परत आली ती शिवायला शिकून, एवढंच आम्हाला माहीत. त्या तीन वर्षांबद्दल ती कधी बोलली नाही.

बोलायची ती आमची आत्या. घरात चार माणसं जमली की तिची एक गोष्ट ठरलेली. मोठी पोर गाडीत बसून निघाली, आणि ही धाकटी बघा, चिंध्यांशी खेळत बसलेली, मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. सगळे हसायचे. मीही हसायचे आणि आतून मेल्याहून मेली व्हायचे. चव्वेचाळीस वर्षं एकच प्रश्न माझ्या घशात अडकून होता: मला ठेवून घेतलं आणि तुला धाडलं, आणि मी मानही वर केली नाही, याचा तुझ्या मनात माझ्यावर राग आहे का? रोज दहा तास आम्ही एका खोलीत असतो. एका डब्यात जेवतो. पण विचारायचा धीर काही झाला नाही.

आणि मग गेल्या वर्षी सिनेमावाले आले.

त्यांचा दिग्दर्शक आमच्या दुकानात आला तो सदऱ्याला इस्त्री करून घ्यायला. उंच, काटकुळा माणूस, तोंडातून शब्द काढायला जणू कर बसतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव गंभीरराव ठेवलं आणि तेच पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं, त्याच्या तोंडावर सोडून. मी सदरा घेते तोवर ताईने त्याची कॉलर धरलेली. कॉलरची कड झिजली होती. तिने ती सोडवली, उलटी करून पुन्हा बसवली, सगळं मिळून दहा मिनिटांत, आणि गंभीरराव बनियनवर उभा राहून तिचे हात बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या मदतनीस बाईला पाठवलं. जाडजूड वही घेतलेली, मान एका बाजूला कललेली अशी ही बाई. सिनेमात कोणाच्या हातात कप होता, कोणाचं बटण उघडं होतं, हे सगळं टिपून ठेवणं हे तिचं काम. ती वहीबाई.

वहीबाईने आम्हाला गोष्ट सांगितली. आई नसलेली नऊ वर्षांची मुलगी, नातेवाइकांच्या शेतावर ठेवलेली. पाणी भरते, गुरांचं करते, पोती वाहते. तिला कोणी छळत नाही. तिच्याकडे कोणी बघतच नाही. पूर्ण सिनेमात संगीत नाही, कोणी हसणार नाही, फारसं कोणी बोलणारही नाही. मी हातातली इस्त्री उभी करून ठेवली आणि हळूच ताईकडे पाहिलं. ती सुईत दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर तिने एवढंच विचारलं की कापड कुठलं वापरणार.

काम असं होतं. सबंध सिनेमाभर त्या मुलीच्या अंगावर एकच फ्रॉक. गंभीररावाचा हट्ट की एकसारखे चार फ्रॉक करायचे नाहीत, शूटिंगही गोष्टीच्या क्रमानेच करायचं, म्हणजे फ्रॉक खरोखर झिजत गेला पाहिजे. ताईने फ्रॉक शिवायचा, रोज धुवायचा आणि यादीप्रमाणे फाडायचा. दुसऱ्या दिवशी कोपर, तिसऱ्या दिवशी खालची कड, असं सगळं वहीत लिहिलेलं होतं. ताई हो म्हणाली. वहीबाई गेल्यावर मी तिला म्हटलं, तू फाडणार? कॅलेंडरचं पान फाडताना तुझा जीव खाली-वर होतो. ती म्हणाली, कामाला काम समजायचं असतं, तुला नाही कळायचं, तू लहान आहेस. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे.

मुलगी त्यांनी इथल्याच शाळेतून निवडली होती, बसच्या ड्रायव्हरची लेक. आता गंभीररावाला सबंध शाळेत हीच कशी सापडली कोण जाणे. तिला गावात खिदळी म्हणतात. तिला पेन्सिल पडली तरी हसू येतं. पण तोंड बंद करून ती सरळ बघायला लागली की तिचे डोळे असे काही मोठे होत की पाहणाऱ्याला वाटावं, हिला घरी कोणी जेवायला घालत नाही. प्रत्यक्षात घरात तिचंच ताट सगळ्यात मोठं. गंभीरराव तिला सांगायचा, काही करू नकोस, चेहऱ्यावर काही आणू नकोस. ती नाक फुगवून, श्वास रोखून उभी राहायची, आणि तो 'थांबा' म्हणाला की असं फुटायची की गोठ्यातली वासरंही माना वळवायची.

पहिले पाच दिवस सगळं सुरळीत चाललं. ताईने यादीप्रमाणे फाडलं. फाडताना डोळे मिटायची आणि फाडून झालं की पाणी प्यायची, एवढंच. खिदळीनेही आपल्या परीने हातभार लावला, कुंपणात अडकून खांद्याजवळ एक खरोखरचं फाडून घेतलं. एकदा बादलीच्या कडीत कमरेच्या चुण्या अडकल्या आणि मागच्या बाजूला चार बोटं शिवण उसवली. वहीबाईने सगळ्याचे फोटो काढून ठेवले. एकूण सात जागा झाल्या. सहाव्या दिवशी सुट्टी होती. फ्रॉक धुवायला आमच्याकडे आला.

त्या दिवशी दुपारी काय झालं ते मी शपथेवर सांगते. ताई मशीनपाशी बसली होती, फ्रॉक मांडीवर, आणि मला भावजींच्या छापखान्यातली एक लांबलचक भानगड सांगत होती. कोणीतरी लग्नपत्रिकेत नवरीच्या जागी तिच्या मावशीचं नाव छापलं होतं आणि मावशी म्हणे खूश झाली. हसून हसून आमची पुरेवाट झाली. गोष्ट संपली, तिने फ्रॉक माझ्या टेबलावर टाकला, मी इस्त्री केली. तिने नीट धुतलेला फ्रॉक आणि माझ्यासमोर स्टार्चची बाटली. मी तीही मारली. चुण्यांना एकेक घडी घातली. कागदात गुंडाळून ठेवला. दोघींच्या मनात काडीचीही शंका आली नाही.

सकाळी खिदळी तो घालून गोठ्यातून बाहेर आली तेव्हा कॅमेरावाल्याने आधी कॅमेऱ्यातून पाहिलं, मग कॅमेऱ्याबाहेरून पाहिलं. पोर वाढदिवसाला निघाल्यासारखी दिसत होती. कोपर, कड, खांदा, काख, कुठे फाटलं होतं ते सांगूनही दिसेना. ताईचं रफू तसंच असतं, कापड मुळातच धडधाकट वाटावं असं. भावजींची गोष्ट सांगता सांगता तिच्या हातांनी सगळं शिवून टाकलं होतं. तिला पत्ताच नव्हता. आणि मी म्हणजे काय विचारता, वरून कडक इस्त्री. त्या दिवशी मी फ्रॉक पोचवायला तिच्याबरोबर गेले होते म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

वहीबाई वही उघडून बसली ती रडवेली झाली. पाच दिवसांचं काम कॅमेऱ्यात होतं, पुढच्या दिवसाचा फ्रॉक त्याला जुळला पाहिजे, आणि फ्रॉक तर आता कोरा करकरीत. सगळं पहिल्यापासून करायचं तर शाळेची सुट्टी संपते आणि मुलगी जाते. मुलगी गेली की सिनेमाही गेला.  गंभीरराव एक पालथी बादली होती तीवर जाऊन बसला. शेवटी त्याने ताईला विचारलं की फोटो बघून हुबेहूब पुन्हा फाडता येईल का.

ताईने फोटो हातात घेतले. एकेक बघितला. मला वाटलं आता ही माफी मागेल, निदान मान तरी खाली घालेल. छे.

"फाडता येईल," ती म्हणाली. "पण साहेब, ते पहिल्यापासूनच खोटं आहे."

 मी तिला मागून कोपराने ढोसलं. तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही.

"तुमची पोर सात ठिकाणी फाटलेला फ्रॉक घालून पाच दिवस हिंडते आणि काही करत नाही. असं नसतं. तिच्याकडे कोणी बघत नाही, हे खरं. पण ती स्वतःकडे बघते ना. तिला लाज आहे. ती शिवणार."

"कशाने शिवणार?" गंभीररावाने विचारलं. "तिला सुई कोण देणार?"

"पोती शिवायचा दाभण असतो ना गोठ्यात. आणि पोत्याच्याच सुतळीचा एक पदर काढायचा. जाड होतो, पण थुंकी लावून ओवता येतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी घातलाय ना तो फ्रॉक," ताई म्हणाली. "तीन वर्षं."

तिने हे असं सांगितलं जसं आपण सांगतो की मी त्या दुकानातून एकदा साबण घेतला होता. त्या तीन वर्षांबद्दल माझ्यासमोर तिने काढलेलं हे चव्वेचाळीस वर्षांतलं पहिलं वाक्य.  मी जवळ होतं ते पोतं धरून उभी राहिले. आता पुढचं वाक्य माझ्याबद्दल असेल, असं मला वाटत होतं. पण ताईचं सगळं लक्ष फ्रॉकमध्ये.

गंभीरराव बादलीवरून उठला. मग त्याने जे केलं त्यासाठी मी त्याला सगळं माफ करते. त्याने वहीबाईच्या हातातली यादी घेतली, चौघडी घातली आणि खिशात टाकली. म्हणाला की ठीक आहे, मुलगी फ्रॉक शिवते. तो प्रसंग घेऊ या, म्हणजे पुढे सगळं जुळेल.

आता खरी गंमत सुरू झाली. ताईने आपलं रफू उसवून जागा पुन्हा उघड्या केल्या. मग नऊ वर्षांच्या पोरीने घातले असतील असे टाके तिने नमुन्यादाखल घालायचे ठरले. दाभण घेतला, सुतळीचा पदर घेतला, जीभ बाहेर काढली आणि वाकडे टाके घातले. वहीबाईने बघितलं तर वाकडे खरे, पण सगळे एकाच मापाने वाकडे. ताईने उसवले, पुन्हा घातले. या वेळी एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड, अशी रांगोळीच पडली जणू. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून घातले, तर ते सगळ्यात सुबक आले. मी हसून हसून पोत्यावर बसले. शेवटी ती वैतागून म्हणाली की हे माझ्याच्याने होणार नाही, त्या पोरीच्याच हातात द्या.

खिदळीने जन्मात सुई धरली नव्हती. ताईने तिला काही शिकवलं नाही. एवढंच सांगितलं की टोक आपल्याकडे करू नकोस आणि आधी गाठ मार. मग समोर बसली आणि स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले, न जाणो तेच पुढे होतील. पोरीने सकाळभर बसून कोपर शिवलं, कड शिवली, काख शिवली. काखेत तर बाहीचं तोंडच शिवून टाकलं, ते पुन्हा सोडवावं लागलं. एक वाजेपर्यंत पाच जागा झाल्या, खांदा कॅमेऱ्यासाठी राखून ठेवला होता. मग ती कमरेजवळच्या उसवणीकडे वळली, मागच्या बाजूची, जिथे चुण्या पट्ट्यापासून सुटल्या होत्या. ताईने फ्रॉक तिच्या हातातून काढून घेतला.

"ती राहू दे," म्हणाली.

गंभीररावाने विचारलं का. सगळं शिवणारी मुलगी हेच का सोडेल? ताई म्हणाली, एक राहते. का राहते, हे काही सांगितलं नाही. मला तर रागच आला. जी बाई परक्याची पँट रस्त्यात शिवते ती चार बोटं उसवण उघडी ठेवते, आणि वर कारण सांगत नाही, म्हणजे काय. मी तिला परत येताना विचारलं तर म्हणाली, तुझी इस्त्री बंद केलीयस का दुकानात, ते आठव आधी. केली नव्हती. पळत सुटले.

कॅमेऱ्यापुढचा टाका दुपारी घेतला. गोठ्यात, दारातून येणाऱ्या उजेडात. फक्त खांद्याची जागा ठेवली होती. खिदळी चेहऱ्यावर काही न आणता बसली. दाभण आत घातला, बाहेर काढला, सुतळी ओढली. अशी सहा-सात वेळा. मग गाठ मारली, दातांनी सुतळी तोडली, आणि खांदा पुढे ओढून टाके बघितले. आणि तिचं तोंड हळूहळू फाकत गेलं. तिचं नेहमीचं खिदळणं नव्हतं ते. एकटीच आपल्या खांद्याकडे बघून हसत होती, कोणाला दाखवायचं नाही असं. आम्ही सगळे श्वास धरून उभे. आता हा 'थांबा' म्हणणार, आता म्हणणार. तो म्हणालाच नाही. कॅमेरा चालूच राहिला.

नंतर त्याने ताईला बाजूला घेऊन विचारलं, हसायची का ती? ताई म्हणाली की पहिला टाका बसला की हसू येतंच, बघायला कोणी लागत नाही त्याला. एवढं बोलून ती फ्रॉक झटकायला गेली. मी मात्र तिथेच उभी. चव्वेचाळीस वर्षं मी त्या शेतावर एक रडणारी मुलगी बघत आले होते. कधीतरी ती हसलीही असेल, असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी न विचारता कॅमेरावाल्याला सदरा काढायला लावला आणि इस्त्री करायला घेऊन आले.

सिनेमा तयार व्हायला आठ महिने गेले. गंभीरराव शब्दाचा पक्का. पहिला खेळ त्याने आमच्याकडे, शाळेच्या हॉलमध्ये लावला. रविवार दुपार, खिडक्यांना चादरी बांधलेल्या, बाकं कमी पडली म्हणून लोक जमिनीवर. सिनेमा अगदी शुष्क. बादली भरते त्याचा आवाज, दार लागतं त्याचा आवाज, बस. तरी लोक हुंदके देत होते. बसचा ड्रायव्हर ओक्साबोक्शी रडत होता. हिला कोणी विचारत कसं नाही हो, असं सारखं म्हणत होता, आणि खिदळी त्याच्याच मांडीवर बसून शेंगा खात होती. सगळ्या हॉलमध्ये हसणारी एकच बाई होती आणि ती माझ्या शेजारी होती. काखेचा टाका दिसला की ताई मला चिमटा काढायची. ते बघ, गाठ मारायला विसरली. अगं तो बघ, कसा तिरपा गेलाय. पुढचे लोक वळून वळून बघत होते.

शेवटी ती मुलगी शेतावरून निघते. कुठे जाते ते सांगत नाहीत. नुसती लांब रस्त्याने चालत राहते आणि कॅमेरा मागे उभा. पाठ दिसते, वेण्या दिसतात, आणि कमरेजवळ उसवलेल्या चुण्या पावलागणिक हलताना दिसतात. खूप वेळ तेवढंच. ताईचं हसू थांबलं होतं. मी पाहिलं तर तिचा हात तिच्या स्वतःच्या कमरेवर होता, मागे, नेमका त्याच जागी.

मी वाकून विचारलं, ती उसवण तेवढी का ठेवलीस?

"ती तू केलीस," ताई म्हणाली.

मला कळेना.

"मी निघाले त्या दिवशी. बाबांनी मला गाडीत चढवलं, तर तू मागून फ्रॉक धरलास. काही केल्या सोडेनास. शेजारीण आणि बाबा, दोघांनी मिळून तुझं एकेक बोट सोडवलं, तेव्हा चुण्या उसवल्या. तिथे गेल्यावर सगळं शिवलं मी. ती नाही शिवली. निजताना हात लावून बघायचे, आहे ना म्हणून."

 कसंबसं म्हटलं, पण आत्या तर म्हणते मी चिंध्यांशी खेळत होते, मी मानही वर केली नाही.

"आत्या?" ताई चकित होऊन म्हणाली. "आत्या कुठे होती तिथे? ती आली दुसऱ्या दिवशी. आल्यावर तू खेळत असशील."

"मग हे मला चव्वेचाळीस वर्षांत एकदा सांगायचं नाही?"

"तू कधी विचारलंस?"

इतकं साधं. मला रडू आवरेना. नुसतं पाणी नाही, सगळं जग ऐकेल असं मोठ्याने. आणि रडताना हसूही येत होतं, कारण आत्या तिथे नव्हतीच, नव्हतीच, आणि मी धरून ठेवलं होतं. दोन माणसं लागली होती मला सोडवायला. चादरी सोडल्या, उजेड आला, गंभीरराव समोर येऊन उभा राहिला. माझं रडं बघून त्याला वाटलं सिनेमा अगदी काळजाला भिडला. त्याने माझा हात हातात घेतला आणि मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. ताई म्हणाली, सांगू नकोस त्याला, खूश आहे तो.

बाहेर पडताना दारात गर्दी होती. ताई दोन पावलं पुढे झाली, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी मागून तिचा ड्रेस धरला. कमरेजवळ, मूठ भरून. ती चालतच होती. टर्र झालं. नवा ड्रेस, तिने मुद्दाम या दिवसासाठी शिवलेला, तिचाच टाका, तरी उसवला. मी घाबरून हात सोडला. तिने मागे हात नेऊन चाचपलं. चार बोटं. माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं आता ही दारातच सुई काढते. काढली नाही.

या गोष्टीला तीन महिने झाले. ड्रेस चारदा धुतला, चारदा मी इस्त्री केली. दुकानात येणारी माणसं बिचारी संकोचाने सांगतात की टाकेबाई, तुमचंच मागे उसवलंय. ती म्हणते, माहीत आहे, आणि त्यांची बाही धरते.